नऊ नकार आणि एक अपडेट

"विचारलं कुणी आम्हाला? बैठक घेतली? नोटीस दिली?"

अमृत आबा तायडे कंप्युटरच्या पडद्याशी भांडत होते. पडद्यावर सकाळी सकाळी एक निळी चौकट उगवली होती: 'लवकरच येत आहे! नव्या अपडेटमध्ये तुमचा डेस्कटॉप स्वतःहून नीटनेटका राहील. रिसायकल बिन दर तीस दिवसांनी आपोआप रिकामी होईल. शिवाय नवा मदतनीस न विचारता सल्ला देईल.' खाली एकच बटण होतं, 'छान!' आबांना जे म्हणायचं होतं, त्याचं बटण कंपनीने दिलेलंच नव्हतं.

आबा भुसावळच्या रेल्वे ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रशासनाचा एकही एकतर्फी निर्णय गुपचूप गिळला नव्हता. पंख्याची जागा बदलली तरी युनियनचं पत्र जायचं. आता ते वधू-वर सूचक मंडळाचं काम बघत. एकशे त्रेचाळीस मुला-मुलींचे बायोडाटा स्कॅन करून त्यांनी कंप्युटरवर ठेवले होते. आणि ठेवले होते म्हणजे कसे? फाइलला नाव नाही, गाव नाही. स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन. सगळी गंमत जागेत होती. पडद्याच्या डाव्या हाताला मुलं, उजव्या हाताला मुली. वरच्या रांगेत सरकारी नोकरी, मधल्या रांगेत खासगी, खालच्या रांगेत शेती. बोलणी सुरू झाली की दोघं मधोमध, एकमेकांपासून एक बोट अंतरावर. लग्न लागलं की जोडपं रिसायकल बिनमध्ये.

"अहो आबा, कचऱ्यात टाकता लोकांना?" समीक्षाने एकदा विचारलं होतं.

"काम झालं त्यांचं. आता कोण शोधायला येतंय?" आबा म्हणाले होते. वर्षभरात तिघं परत आले, तेव्हा आबांनी त्यांना बिनमधून काढून, झटकून, पुन्हा रांगेत उभं केलं. म्हणून ती रिकामी करायची नाही, हा कडक नियम होता. कागदावरही काही लिहायचं नाही, कारण कागदावर लिहिलेलं दुपारपर्यंत जळगावला पोचतं.

दुसरा नियम नकाराचा. घरात नकाराचा शब्द तोंडाने काढायचा नाही. फोन ज्याने घेतला, त्याने गुपचूप त्या मुलाचं चित्र उचलून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचं. हा नियम आबांनी केला तो स्वतःच्या लेकीसाठी. समीक्षा अठ्ठावीस वर्षांची, जळगावच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट, रोज अप-डाऊन करायची. आबांनी निवडून निवडून एकेक मुलगा तिच्या शेजारी ठेवावा आणि चार-आठ दिवसांत तो खालच्या कोपऱ्यात गेलेला दिसावा, असं नऊ वेळा झालं होतं. मंडळाचे फोन घरच्या नंबरावर येत, ते बहुतेक तीच घ्यायची. म्हणजे आपला नकार बिचारी आपल्याच हाताने हलवते, या विचाराने आबा अर्ध्या ताटावरून उठत. त्यांनी तिला कधी एक शब्द विचारला नाही. नियम तो नियम.

आता रविवारी जळगावला मंडळाचा वधू-वर मेळावा होता. धुळ्याचा प्रशील, कृषी खात्यातला, आईवडिलांसह येणार होता. आबांनी त्याला समीक्षाच्या शेजारी आणून ठेवलं होतं. हा दहावा, आणि हा हातचा जाऊ द्यायचा नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या नऊ घरांपैकी एकही घर त्या दिवशी समीक्षाच्या समोर बसता कामा नये, ही बसायची मांडणी त्यांनी पडद्यावर बघूनच करायची होती. आणि अशा वेळी कंपनी म्हणते, आम्ही आवरून देतो!

आबांनी सरळ इंटरनेटची वायर उपटली.

"आबा, माझं ऑनलाइन काम चालू होतं!" आतून समीक्षा ओरडली. "आणि अपडेट सुरक्षेसाठी असतं, करून टाका एकदाचं."

"आपली सुरक्षा आपण बघू. त्यांनी त्यांच्या घरचं आवरावं." आबांनी कागद पुढे ओढला आणि निवेदन लिहायला घेतलं. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय: प्रस्तावित अपडेटमधील जाचक अटी रद्द करणेबाबत.'

निवेदन म्हटलं की सह्या आल्या. आबा पिशवी घेऊन कॉलनीत निघाले. निवृत्त शिक्षिका इंदिराबाईंनी मदतनिसाचं कलम वाचलं आणि सही ठोकली. "न विचारता सल्ला देणारे माझ्या घरात आधीच पाच आहेत. सहावा कशाला?" झेरॉक्सवाली मोहिनी म्हणाली, "आबा, मला तर आपोआप आवरलेलं आवडेल हो. मागच्या महिन्यात दुसऱ्याच नवरदेवाची पत्रिका छापून दिली मी." पण आबांकडे बघून तिनेही सही केली. जीवनभाऊ सपकाळेंकडे कंप्युटरच नव्हता.

"नसू दे. अन्याय तो अन्याय," ते खानदेशी हेल काढून म्हणाले. "फक्त खाली एक मागणी वाढवा. आपल्या चौकातला दिवा बंद शे."

"जीवनभाऊ, ही कंपनी अमेरिकेत आहे."

"मग तर लवकर लावतील."

एक्केचाळीस सह्या झाल्या आणि दिव्याची मागणी कलम सातवर गेली. आता प्रश्न पोच घेण्याचा. निवेदन दिलं आणि 'मिळाले' असा शिक्का, तारीख, सही घेतली नाही, तर ते निवेदन नव्हेच. असं आबांनी तीन पिढ्यांच्या कारकुनांना शिकवलं होतं. गुरुवारी ते जळगावला गेले आणि ज्याने कंप्युटर विकला, त्या रोनकशेठच्या काउंटरवर त्यांनी निवेदन ठेवलं.

"आबा, मी नुसता विकतो. कंपनी मला ओळखतसुद्धा नाही," रोनकशेठ हात जोडून म्हणाला.

"शिक्का तर असेल?"

"आहे. पण त्यावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' एवढंच लिहिलंय."

"चालेल. मारा."

"अहो, नाही चालत! हे कंप्युटरवरूनच पाठवायचं असतं. त्यात 'अभिप्राय' म्हणून आहे बघा. तिथे चढवलं की लगेच पोच मिळते, नंबरासकट."

नंबरासकट पोच! आबा बसने परत येईपर्यंत खूश होते. शुक्रवारी सकाळी समीक्षाची सुट्टी होती, ती आत डोकं धूत होती. आबांनी निवेदन स्कॅन केलं, अभिप्रायाचं पान शोधलं, पण वायरीशिवाय ते उघडेना. अपडेटच्या विरोधातलं निवेदन पाठवायचं तर अपडेटचा दरवाजा उघडावा लागणार होता. "दोन मिनिटांचा प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी वायर जोडली.

निवेदन गेलं. पडद्यावर आलं: 'आपला अभिप्राय मिळाला. आभारी आहोत.' खाली चौदा आकडी नंबर. आबांची छाती फुगली. त्यांनी ती पोच छापायला घेतली, तर प्रिंटर ढिम्म. पडद्यावर चौकट आली: 'छपाईसाठी कंप्युटर पुन्हा सुरू करावा लागेल. करायचा का?'

"आबा, वायर जोडली का तुम्ही?" न्हाणीघरातून समीक्षा ओरडली. "कशालाही हो म्हणू नका!"

पण पोच हातात आल्याशिवाय आबा कुठले थांबतात? त्यांनी 'हो' दाबलं. पडदा काळा झाला, मग निळा झाला.

"समीक्षा! हे बारा टक्के कशाचे?"

ती ओल्या केसांनी धावत आली तेव्हा सत्तावीस टक्के झाले होते. "झालं! आता बंद नका करू, नाहीतर होतं नव्हतं ते जाईल." बापलेक शेजारी शेजारी उभे राहून आकडा चढताना बघत राहिले. समीक्षाची आई पार्वताबाई दारातून डोकावल्या. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, त्यांच्या बोलण्यातली अहिराणी भुसावळात तीस वर्षं राहूनही हटली नव्हती. "काय शे आते?" त्यांनी विचारलं. "काही नाही, तू जा," आबा म्हणाले. कंप्युटरशी पार्वताबाईंचा संबंध म्हणजे रोज तो फडक्याने पुसणं, तेवढाच.

शंभर टक्के झाले. पडदा उजळला आणि आबा मटकन खुर्चीत बसले. डावीकडे उजवीकडे काही उरलंच नव्हतं. मुलं, मुली, सरकारी, शेतीवाले, बोलणी सुरू असलेले, सगळे स्कॅन एकपासून ओळीने उभे! नकाराचा कोपरा लख्ख रिकामा. वर मदतनीस हसत होता: 'तुमचा डेस्कटॉप आता नीटनेटका आहे!'

"अरे मेल्या," आबा म्हणाले, "तुझं वाटोळं होवो."

मेळावा परवावर आला होता. फाइल उघडून मुलगा कोण, मुलगी कोण हे कळत होतं, पण नकार देणारे नेमके नऊ कोणते, हे काही केल्या आठवेना. तीन-चार वर्षांत चाळीसेक मुलं बघितलेली, एका नावावर दुसरं बसायचं. आणि लेकीला विचारावं, तर नियम आडवा येत होता. शेवटी समीक्षा केस वाळवायला गच्चीवर गेल्यावर त्यांनी मन घट्ट केलं आणि अंदाजाने सावद्याच्या चिंधाभाऊंना फोन लावला.

"जय भीम, चिंधाभाऊ. रविवारच्या मेळाव्यासाठी विचारत होतो. आपलं मागे जमलं नाही, ते मनावर घेऊ नका म्हटलं."

"जय भीम, आबा. पण जमलं नाही कसं? आम्ही तर तुमच्या फोनची वाट पाहून पाहून थकलो!"

"तुमच्याकडूनच नकार आला ना?"

"आमच्याकडून? काय बोलता! पोरगी पसंत होती. शेवटी पोराचं लग्न वरणगावला केलं आम्ही. मुलगी झाली त्याला."

आबांनी फोन ठेवला आणि पाणी प्यायलं. मग दुसरा लावला, तिसरा लावला. जुने स्थळवाले स्वतःच ओळख द्यायचे आणि वर रागवायचे. दुपारच्या जेवणापर्यंत नऊच्या नऊ सापडले. एकानेही नकार दिला नव्हता! चार वर्षं आबा ज्या दुःखाने आतल्या आत झुरले, ते घडलंच नव्हतं. आधी त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग असा राग आला की बस.

"समीक्षा! खाली ये!"

ती आली. आबांनी नऊ नावांचा कागद तिच्यापुढे धरला, मंडळाच्या कामात पहिल्यांदाच कागदावर लिहिलेला. तिने तो वाचला आणि मान अजिबात खाली घातली नाही.

"हो. नव्हता दिला कुणी नकार. मी हलवली ती मुलं."

"का?"

"तुम्ही कुणालाही आणून माझ्या शेजारी उभं करायचात. मी त्याला उचलून कोपऱ्यात ठेवायचे."

"अगं, तोंडाने सांगायचं!"

"सांगितलं की! तीनदा सांगितलं. तुम्ही एकदा चहा मागितला, एकदा बातम्या लावल्या आणि एकदा म्हणालात, मंडळाचं काम मंडळाच्या पद्धतीने होईल."

"चार वर्षं मी... नऊ घरांनी माझी पोरगी नाकारली म्हणून मी लग्नाच्या पंगतीत मान वर करून जेवलो नाही, माहीत आहे?" आबांचा आवाज चिरकला.

समीक्षाचा चेहरा जरा उतरला. "ते मला माहीत नव्हतं, आबा. तुम्ही कधी बोललातच नाही. पण नऊ नाही हं. मी सहाच हलवली. वाघोदा, सावदा, फैजपूर, यावल आणि रावेरची दोन. ही जामनेरची तिन्ही स्थळं मी नाही हलवली. मला वाटलं, तेवढे तरी खरोखरचे नकार असतील."

"मग ती कुणी हलवली?"

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो बंद पडला. आबांनी मागे वळून पाहिलं. पिठाचे हात घेऊन पार्वताबाई दारात उभ्या होत्या.

"तू? तुला माउस धरता येतो?"

"रोज पुसते, येत नसेल का?" पार्वताबाई म्हणाल्या. "त्या जामनेरवाल्यांनी पोरीला काय विचारलं, ऐकलं होतं का तुम्ही? नोकरी कधी सोडणार म्हणे! तिन्ही घरं एका माळेतली. तुम्ही हसत बसले होते पोहे खात. मी त्या त्या दिवशी एकेकाला खाली टाकलं."

"मला न विचारता?"

"बायोडाटा तुमना," त्या ठासून म्हणाल्या, "पोर मनी शे."

बायोडाटा तुमचा, पोर माझी! रेल्वेचे सगळ्यात मोठे साहेब, डी.आर.एम., त्यांनीही आबांना असं कधी सुनावलं नव्हतं. तिकडे ते एक्केचाळीस सह्या घेऊन अमेरिकेशी लढायला निघाले होते आणि इकडे त्यांच्या घरातल्या दोन बाया चार वर्षं, एक शब्द न बोलता, त्यांच्याच प्रशासनाशी असहकार करत होत्या. युनियनवाल्या माणसाला हे कळू नये, याची त्यांना खरी लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले. "तुझं म्हणणं काय आहे, ते तरी सांग. प्रशीलचे लोक परवा येतायत. नको म्हणून कळवू का?"

"नको म्हणाले का मी? आधी खुर्ची सोडा."

आबा उठले. समीक्षा बसली आणि तिने ओळीतून स्वतःचा बायोडाटा उघडला. हा एकच आबांनी स्कॅन न करता, एका बोटाने दोन दिवस टाइप केलेला. शेवटी 'मुलीची अपेक्षा' या रकान्यात लिहिलं होतं: 'सरकारी नोकरी. रेल्वे असल्यास प्राधान्य. वडिलांचा निर्णय अंतिम राहील.' समीक्षाने तिन्ही वाक्यं एका झटक्यात पुसली आणि नवं लिहिलं: 'मुलगी नोकरी सोडणार नाही. मेळाव्यात प्रश्न मुलगी विचारेल. उत्तरं मुलाने स्वतः द्यावीत, त्याच्या वडिलांनी नाही.'

आबांनी चष्मा पुढे सरकवून ते दोनदा वाचलं. पार्वताबाईंनी पीठ लागलेले हात कमरेवर ठेवले.

"यात मंडळाचे दोन नियम मोडतात," आबा म्हणाले. "प्रश्न मुलाकडच्यांनी विचारायचे आणि उत्तरं वडीलधाऱ्यांनी द्यायची."

"मोडू द्या."

"आणि मंडळाचे लोक मेळाव्यात माझ्या अंगावर येतील."

"येऊ द्या."

आबा वाकले आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

"मग हे ठळक कर," ते म्हणाले. "बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही."