डोळ्यातला ठिपका

"जावईबापू, फक्त काच बसवून आणायची. चित्राला बाकी काही म्हणजे काही करायचं नाही," असं सासऱ्यांनी बजावलं होतं आणि जावयाने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय!

सासऱ्यांच्या घरी रंगकाम चाललं होतं. रंगाऱ्यांच्या शिडीने भिंतीवरच्या चित्राची काच फुटली, म्हणून चित्र लेकीकडे आलं. चित्र एका पक्ष्याचं. पक्षी आपल्याच रानातला, पण आता जगात कुठेच नाही. त्या जातीतला अगदी शेवटचा प्राणिसंग्रहालयात होता आणि त्याला दाणापाणी घालायचं काम सासऱ्यांचं. तो गेल्यावर एका चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, मोजक्याच प्रती छापल्या आणि एक सासऱ्यांना दिली. या माणसाने आजवर जावयाच्या हाती घराची किल्लीसुद्धा दिली नव्हती. चित्र दिलं, म्हणजे केवढा विश्वास! जावयाला भरून आलं होतं.

चित्र टेबलावर ठेवून तो कौतुकाने बघत बसला. बघता बघता त्याला पक्ष्याच्या डोळ्यात एक बारीक पांढरा ठिपका दिसला.

"हे रंगारी म्हणजे ना! बिचाऱ्याच्या थेट डोळ्यात रंग उडवला," म्हणत त्याने नखाने तो अलगद खरवडला आणि शाबासकीच्या आशेने बायकोला हाक मारली.

बायकोने चित्र पाहिलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा! तो ठिपका चित्रकाराने दिलेला होता. प्रत्येक प्रतीवर, स्वतःच्या हाताने. त्याच्यामुळेच तर डोळा जिवंत वाटायचा!"

जावयाने पुन्हा पाहिलं. नामशेष तर तो पक्षी आधीच झाला होता. आता मेलाही होता.

"बाबा कधी येणारेत?"

"संध्याकाळी. तू आणि तुझी ती नखं!"

ऑफिसच्या बॅगेत व्हाइटनरची बाटली होती. टाचणीच्या टोकावर थेंब घेऊन जावयाने श्वास रोखला आणि तो डोळ्यात टेकवला. थेंब जरा मोठा पडला. पक्षी भूत बघितल्यासारखा दचकलेला दिसू लागला.

"पूस, पूस आधी!" बायको ओरडली.

ओल्या कापसाने पुसलं, तर व्हाइटनर डोळाभर पसरलं. ओल कागदात मुरेल या भीतीने बायकोने हेअर ड्रायर आणला. ओल वाळली, पण व्हाइटनर दुधावर साय धरावी तसं डोळ्यावर पक्कं बसलं.

"आता नखाने जरा..."

"नख लावशील तर खबरदार!"

जावई डोकं धरून बसला. शिव्या त्याने खाल्ल्या असत्या, त्याची सवय होती. पण त्या म्हाताऱ्या माणसाकडे त्या पक्ष्याची एवढी एकच आठवण होती आणि तिची त्याने पार वाट लावली होती. कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात बेल वाजली. सासरे लवकरच आले होते. आत येऊन त्यांनी चित्र उचललं, खिडकीपाशी नेलं, चष्मा चढवला आणि पक्ष्याचा डोळा निरखत राहिले. बराच वेळ. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बाबा, अहो, ते माझ्याकडून..."

"थांबा. शेवटी शेवटी त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता हो. दिसायचं नाही त्याला. माझ्या पावलांचा आवाज आला की मान अशी वळवायचा. त्या चित्रकाराला मी घसा फोडून सांगितलं, तर म्हणे, चित्रात आजारपण कशाला? आज भेटला बघा मला माझा पक्षी."

जावई पुढे सरसावला. "पण बाबा, हे चुकून झालंय. खरंच चुकून."

"चुकून होतं होय एवढं नाजूक काम? उगाच विनय नको!" सासऱ्यांनी डोळे पुसून लगेच त्या चित्रकाराला फोन लावला. "अरे, तुला जमलं नाही ते आमच्या जावईबापूंनी करून दाखवलं. तुझ्याकडच्या उरलेल्या सगळ्या प्रती घेऊन रविवारी इकडेच ये. तुझ्यासमोर बसून करून देतील. अरे, हात आहे त्यांचा, हात!"

जावयाने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. ती व्हाइटनरची बाटली हलवून किती उरलंय ते बघत होती.

"आधी थेंब, मग कापूस, मग ड्रायर," ती पुटपुटली. "की आधी ड्रायर होता रे?"