साहेबांची चकती

वजन ही गणिताची बाब आहे; तिथे मायेचे, दयेचे किंवा बायकोचे काही चालत नाही. तंत्रनिकेतनाची पदविका आणि कारखान्याच्या देखभाल विभागातली चौतीस वर्षे गाठीशी असलेल्या माणसाला एका म्हाताऱ्या कुत्र्याचे दोन किलो उतरवणे म्हणजे हातचा मळ! हे वाक्य मी जनावरांच्या डॉक्टरांसमोर, सौ. आणि सूनबाईंच्या साक्षीने, मोठ्या आवाजात उच्चारले होते. निदान साक्षीदार तरी नको होते.

आमच्या कुत्र्याला घरात सगळे ‘साहेब’ म्हणतात. वय बारा, तोंडाभोवती पांढरा, गुडघ्यांनी अधू आणि वृत्तीने अट्टल लबाड. नोकरीत मी सात साहेब पाहिले. त्यांतल्या एकाचीही अक्कल याच्या शेपटीइतकी नव्हती, हे आज कबूल करतो. तेव्हा मात्र मी याला आठव्या क्रमांकावर ठेवले होते.

साहेबांची एक दाढ किडली होती. ती काढायची तर भूल द्यावी लागणार, आणि एकतीस किलोच्या त्या देहाला या वयात भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

“एकोणतीसच्या खाली आणा, मग बघू. तोवर दुखणारच त्याला,” ते म्हणाले. “महिन्यानं वजनाला या.”

“मी एकटीच घालत जाईन खायला,” घरी परतताना सौ. म्हणाली. “एका हातानं दिलं की गोंधळ नाही.”

“एका माणसावर अवलंबून असलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे!”

“मग काय करायचं म्हणता?”

“चकती!”

अजाण वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्या कारखान्यात प्रत्येक यंत्रावर एक चकती टांगलेली असे. वंगण घातले की तिची हिरवी बाजू पुढे करायची. घालायचे बाकी असेल तर लाल. नियम दोनच. तोंडी माहितीवर विसंबायचे नाही, आणि चकती यंत्रावरच हवी, भिंतीवर नव्हे. मी पत्रा कापला, घासला, दोन्ही बाजू रंगवल्या आणि चकती साहेबांच्या खाण्याच्या डब्याच्या कडीला तारेने टांगली. डबा जमिनीवर असतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवले नाही.

जो खायला घालेल त्याने चकती हिरवी करायची. सकाळी सहाला आणि दुपारी चारला ती पुन्हा लाल करण्याचा अधिकार एकट्या माझा. शिवाय एक वही ठेवली. तिच्यात ज्याने कर्तव्यात कसूर केली त्याची नोंद, वेळेसह.

चौथ्याच दिवशी पहिली कसूर सापडली. सकाळी पावणेनऊला चकती लाल! शेजारी साहेब कान पाडून असे पडलेले, की तीन पिढ्यांचा दुष्काळ यांनी एकट्याने सोसला असावा.

“अगं, याला खायला नाही घातलंस?”

“घातलं की! साडेसातलाच.”

“चकती काय सांगते?”

सौ. ओले हात पुसत आली. चकतीकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले. “अहो, मी हिरवी केली होती... केली होती ना मी?”

“तेच तर विचारतोय.”

मी माप भरून साहेबांना वाढले आणि वहीत लिहिले : ८.४५. सौ. विसरली. मी घातले.

दोन दिवसांनी सूनबाई सापडली.

“बाबा, शप्पथ सांगते, ऑफिसातून आल्या आल्या आधी त्यालाच घातलं!”

“शपथेला रंग नसतो, सूनबाई. चकतीला असतो.”

हे वाक्य मला इतके आवडले, की वहीच्या पहिल्या पानावर मी ते ठळक अक्षरांत लिहून काढले.

पुढे कसुरींना ऊत आला. घरातल्या बायकांच्या डोक्यांना एकदम गंज चढावा तसे झाले! सौ. गॅस बंद केला की नाही हे तीन-तीनदा पाहू लागली. कुलूप लावून, जिना उतरून, पुन्हा जिना चढू लागली. एका दुपारी हळूच म्हणाली, “अहो, माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. आधी बारीकसारीक विसरायची. मग आम्हालाच ओळखेना.”

इथे कोणत्याही शहाण्या नवऱ्याने वही मिटली असती. मी स्मरणशक्ती वाढवणाऱ्या कोड्यांचे पुस्तक आणले. तिच्याकडून पहिला धडा सोडवून घेतला आणि लाल शाईने गुणही दिले. दहापैकी चार.

महिना संपला. डॉक्टरांनी साहेबांना काट्यावर चढवले. बत्तीस किलो चारशे ग्रॅम!

“काटा तपासून घ्या,” मी म्हणालो.

“काका, काटा ठीक आहे. घरी कोण चोरून भरवतंय ते तपासा. आणि लवकर. दाढेची कीड वाढत चाललीय त्याच्या.”

साहेब खरोखरच एका बाजूने चावत होते. पण चावायचे थांबत नव्हते.

मी शास्त्रशुद्ध विचार केला. खायला घालायला विसरतात, तर वजन वाढते कसे? म्हणजे विसरत नाहीत! सौ. मायेपोटी चोरून भरवते आणि वर विसरभोळेपणाचे सोंग आणते! हा निष्कर्ष मी तिला जेवताना ऐकवला.

“सोंग? मी सोंग करते?” ती ताटावरून उठली. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याशी अवाक्षर काढले नाही, म्हणजे गुन्हा सिद्धच!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत, पालथ्या बादलीवर, हातात वही घेऊन दबा धरून बसलो. दार बोटभर उघडे.

साडेसातला सौ. आली. एकच माप, काठोकाठ नव्हे, मोजून वाढले. चकती हिरवी केली. “घातलं. हिरवी केली,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि पेनाने तळहातावर एक फुली मारून गेली. ती फुली पाहून मला कसेसेच झाले. पण पुरावा तो पुरावा. मी बसून राहिलो.

साहेबांनी खाल्ले. पाणी प्यायले. बाहेर चाहूल घेतली. मग चकतीखाली नाक घालून ती उचलली आणि उलटली. गिरकी घेऊन ती पुन्हा हिरवी झाली. साहेबांनी, माझ्या कुठल्याही मदतनिसात मी कधी न पाहिलेल्या सबुरीने, ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा उलटली. लाल! कुत्र्यांना म्हणे लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. कळायचा कशाला? जेवण झाले की पत्रा उलटायचा, एवढे त्याला पुरेसे होते. मग ते डब्याशेजारी आडवे झाले, कान पाडले आणि चेहऱ्यावर तीन पिढ्यांचा दुष्काळ पांघरला.

“पकडला!” मी ओरडलो. बादली निसटली, मी फळीला धरले, फळी माझ्यासह खाली आली.

सौ. आणि सूनबाई धावत आल्या. “बाबा! कोठीत काय करताय?”

“चोर... चकती... यानं उलटली! नाकानं!”

सौ.ने लाल चकती पाहिली. तळहातावरची फुली पाहिली. बराच वेळ पाहिली. मग भिंतीला टेकून तिने एक लांब श्वास सोडला आणि माझ्यापुढे हात केला.

“ती वही द्या बघू.”

ती बोट ठेवून वाचू लागली. “सौ. विसरली, मी घातले. सूनबाई विसरली, मी घातले. मी घातले. मी घातले...”

“तेवीस वेळा, बाबा,” सूनबाईने मोजून सांगितले. “तेवीस वेळा दुसरं जेवण तुम्हीच दिलंय.”

“अक्षर मात्र सुबक आहे हो,” सौ. म्हणाली.

पुढचे तीन महिने खायला घालणे सौ.च्या एका हाती गेले. वजन अठ्ठावीस किलो आठशे झाले आणि दाढ निघाली. डॉक्टरांनी माझे अभिनंदन केले. मी ते स्वीकारले.

चकती मात्र सौ.ने मोडीत काढली नाही. माझी साखर वाढल्यापासून मला दुपारी एकच कप चहा मिळतो. आता ती चकती चहाच्या डब्याला, वरच्या फळीवर टांगलेली असते. तिथे साहेबांचे नाक पोहोचत नाही. माझा हात पोहोचतो.

काल चहा पिऊन झाल्यावर मी ती अलगद लाल केली आणि आरामखुर्चीत येऊन होईल तितका सुकलेला चेहरा करून पडलो. सौ.ने वर्तमानपत्रातून डोकेही वर काढले नाही.

“अहो,” ती म्हणाली, “कान पाडायचे राहिले.”