गोचिडीचं जेवण

आमचा भाडेकरू मिलिंद गोठ्यात शिरताना चपला दाराशी काढतो आणि हळू आवाजात बोलतो. का, म्हणून विचारलं, तर बैलाच्या कानाकडं बोट करून सांगतो, "मावशी, ती जेवून राहिली."

ती म्हणजे गोचीड.

कुरुंद्यात लोक हळद पिकवतात, हा गोचिडी पिकवतो. त्यांच्या थुंकीतली प्रोटीनं शोधायची आणि त्यातून जनावरांसाठी लस करायची, असं त्याचं काम आहे. मी चौथी शिकले. प्रोटीन म्हणजे डाळ, एवढंच मला माहीत.

"डाळीतलं न्यारं, हिचं न्यारं," तो म्हणाला. "कातड्याला कळतच न्हाई कुणी येऊन बसलंय. दुखत न्हाई, खाजत न्हाई."

"माझी सून आली तवा असंच झालतं."

हे त्याला समजायला दुपार लागली. मग एकटाच हसला.

पावसाळ्यात दुपारी हळदीच्या पानांवरून गोठ्यात हिरवा उजेड येतो. हा पेंढीवर बसून सांगत राहतो. गोचिडीचं पिल्लू म्हणे गवताच्या शेंड्यावर पाय पसरून बसतं. महिनोन्महिने उपाशी. एखादं जनावर जवळून जाईल, त्याच्या श्वासाची ऊब येईल, म्हणून. ऐकता ऐकता मला डुलकी लागते आणि सगळं गावच गवताच्या शेंड्यावर बसलेलं दिसतं.

यंदा त्याला पोटभर प्यालेल्या गोचिडी हव्या होत्या. पण पोळा जवळ आला, तसं गावानं जनावरांना गोचिडीचं औषध मारलं. मग मी माझ्या बैलाचा, सोन्याचा, डावा कान त्याला उसना दिला. त्याचं वर्षाचं काम त्या एका कानात होतं.

अशात सोन्यानं चारा सोडला. मला वाटलं, वय झालं. मिलिंदनं कानामागं हात ठेवला आणि त्याचा चेहराच उतरला.

"मावशी, ताप हाय. गोचिडीचाच."

जनावरांच्या डॉक्टरला त्यानंच फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत चिमट्यानं एकेक गोचीड काढून टाकली, अर्धपोटी.

"आन तुझं काम रे?"

"बुडालं. बैल बुडू नये."

सुया झाल्या, सोन्या उठला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी लोणी-हळदीनं त्याचे खांदे मळले आणि रीतीप्रमाणं त्याच्यापुढं हात जोडले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मिलिंद दिवा धरून उभा होता.

"तू सणाला घरी जात न्हाईस?"

"घराला कुलूप हाय, मावशी. आई होती तवर जायचो." मग म्हणाला, "हे आवतन बैलालाच देतात?"

"मग काय गोचिडीला?"

या खेपेला तो हसला नाही. दिव्याची वात उगीच सारखी करत राहिला. मी लोण्याचा हात त्याच्या खांद्यावर फिरवला. चांगला शर्ट खराब झाला.

"आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

सकाळी मी चूल पेटवायला उठले, तर हा अंघोळ करून ओसरीवर येऊन बसलेला. पुरणाची डाळ अजून डब्यातच होती.