काळ्या खिडकीचा निरोप समारंभ

संगणकावरची कुठलीही खिडकी बंद करण्याची तळमळ मुख्यतः ती कशासाठी उघडी आहे हे ठाऊक नसलेल्यालाच असते. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात हा मान साहेबांचा.

नकाशांचा प्रोग्राम सुरू केला की मागे एक काळी खिडकी उघडते. तिच्यात पांढरी अक्षरं सरकत असतात. सगळं काम तीच करते, म्हणून दिसायला वाईट आहे. (कार्यालयातही तसंच आहे.) तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली की प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो आणि पाइपांचा नकाशा काढणाऱ्या बाईंचं काम सोबत घेऊन जातो.

बाईंनी प्रोग्रामरला गाठलं. "दादा, फुली दाबली तरी बंदच होऊ नये असं कर ना."

"नाही जमत, ताई. सिस्टिम ऐकत नाही. पाच सेकंद देते, तेवढ्यात आवरायचं."

"मग माझा नकाशा तेवढा सेव्ह कर बाबा. बाकी मेलं काही नको."

त्याने तसं केलं. बाईंनी त्या दिवसापासून स्वतः सेव्ह करणं सोडलं. (नाहीतर सोय कशासाठी असते?)

नकाशाला अर्धा सेकंद लागला. साडेचार शिल्लक राहिले, आणि आमच्याकडे शिल्लक राहिलेलं काही कुणाच्या नजरेतून सुटत नाही. बैठक झाली. जनसंपर्कवाल्यांनी आभाराचा संदेश मागितला. प्रशासनाने बोधचिन्ह मागितलं, तेही सावकाश गोल फिरणारं. सुरक्षा विभागाला 'नक्की बंद करायचं का?' असा प्रश्न हवा होता. (उत्तर काहीही दिलं तरी बंदच होणार होतं, त्यामुळे तो सर्वांना लोकशाहीला धरून वाटला.) साहेब म्हणाले, "मानाचा माणूस शेवटी बोलतो. नकाशा शेवटी ठेवा." हे ऐकून बाईंना गहिवरून आलं, अशी इतिवृत्तात नोंद आहे. बाई बैठकीला नव्हत्या.

खोदकामवाले नकाशा न्यायला यायचे होते त्या दुपारी बाई हात धुवायला गेल्या. पाहुणे येणार म्हणून साहेब टेबलांमधून फिरत होते. "हे काय काळंकुट्ट मांडलंय?" म्हणाले, आणि फुली दाबली.

प्रश्न आला. आभार झाले. बोधचिन्ह पाऊण फिरलं. पाच सेकंद भरले.

"अगं बाई, माझा नकाशा!" परत आलेल्या बाई ओरडल्या.

"नकाशाचं काय घेऊन बसलात? काय सुरेख बंद झालं, बघायला हवं होतंत!"

खोदकामवाल्यांनी अंदाजाने खणलं. संध्याकाळी कार्यालयाच्या दारातच कारंजं उडालं. चौकशी समितीने कारण शोधलं: बोधचिन्हाला वेळ अपुरा पडतो; सबब सिस्टिमकडे दोन सेकंद वाढवून मागावेत. बाईंनी मग स्क्रीनवर फुलीच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. बरी दिसत नाही म्हणून साहेबांनी ती काढली.

तुम्ही हसलात, छान. पण सकाळपासून उघडी असलेली, अजून नावही न दिलेली तुमची ती फाइल तशीच ठेवून तुम्ही हे वाचताय. मी मध्ये बोलणार नाही. फक्त, साहेब फेरीला निघालेत.