सासऱ्यांना पोचलेलं यंत्र

लपवालपवीत बून लिओंगचा हात धरणारा माणूस मलेशियातल्या अख्ख्या पेनांग बेटावर सापडला नसता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. चाळिशी उलटलेला, आयकर कचेरीतला हा गंभीर चेहऱ्याचा माणूस रोज जेवण झालं की टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून राक्षसांचे मुडदे पाडत बसतो, हे त्याची बायको गाइक सिम सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. कचेरीत चहाच्या वेळी कुणी बॅडमिंटनच्या गप्पा मारी, कुणी बागेतल्या कुंड्यांच्या. बून लिओंग सांगे, "मी मासे पकडतो." आणि ते खरं वाटावं म्हणून सासरी जाताना बाजारातून चांगला गलेलठ्ठ मासा घेऊन जाई. सासूबाई तो मासा शिजवायच्या आधी चार घरी दाखवून येत.

सासरी खरं बोलायची सोयच नव्हती. धाकटा मेहुणा चुआन कॉलेजात असताना याच खेळांच्या नादी लागून नापास झाला होता. आता तो मोबाईलच्या दुकानात निमूट नोकरी करायचा, खेळाला शिवायचासुद्धा नाही. पण घरात काहीही बिघडलं, अगदी भात करपला, तरी सासूबाईंची नजर आधी त्याच्याकडे वळे. वर जावयाचं कौतुक ऐकवत. अशा वेळी बून लिओंग वाडग्यात डोकं खुपसून जेवत राही. त्याला स्वतःची लाज वाटे, फार वाटे. पण एवढ्या वर्षांनी या माणसांनी त्याला आपलं म्हटलं होतं, आणि ते घालवायची त्याची तयारी नव्हती.

यंदा चेंग बेंगला, म्हणजे वाडवडिलांच्या थडग्यांवर जायच्या दिवशी, सासूबाईंनी त्याला पहिल्यांदाच मान दिला. वारलेल्या सासऱ्यांना तिकडे पोचाव्यात म्हणून जाळायच्या कागदी वस्तूंचं खोकं त्याच्याकडे सोपवलं. कागदाचे कोट, कागदाचे बूट, कागदाची मोटार, नोकराचाकरांसकट कागदाचा बंगला. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या न कळवता मुक्कामालाच आल्या. दारावरची थाप ओळखून बून लिओंगने वायरीसकट यंत्र उपटलं आणि खोक्यात कागदी कोटांच्या खाली सारलं.

"मेलेल्याच्या कपड्यांत कोण हात घालतंय?" तो बायकोला म्हणाला. "सकाळी काढून घेईन."

सकाळी तो अंघोळीला गेला आणि सासूबाईंनी खोक्याला चिकटपट्टी मारून ते चुआनच्या मोठ्या काकांच्या गाडीतून रवानाही केलं.

थडग्यांच्या टेकडीवर पोचताच त्याने आधी खोकं शोधलं. खोक्यापाशी सासूबाई ठिय्या देऊन बसल्या होत्या. गवत कापून झालं, दगडावरची अक्षरं लाल रंगाने उजळून झाली, कोंबडी, भाजलेलं डुक्कर आणि तांदळाचे लाल केक मांडून झाले. मग सासऱ्यांचं जेवण आटोपलं का, हे विचारायला सासूबाईंनी दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की होकार, दोन्ही सारखी पडली की नकार. होकार आला.

"मी रचतो, आई," बून लिओंग खोक्याकडे धावला.

"तू उदबत्त्या पेटव." त्यांनी चिकटपट्टी फाडली आणि दगडाकडे बघत एकेक वस्तू काढू लागल्या. "अहो, हा कोट घ्या. हे बूट घ्या. हे घ्या..." मग त्यांनी हातात काय आलंय ते पाहिलं.

मोठ्या काकांनी ते हातात तोलून बघितलं. "काय कारागिरी आहे. वजनसुद्धा खऱ्यासारखं."

"वायरपण दिलीय," काकू म्हणाल्या. "तिकडे वीज असते का पण?"

सासूबाईंना मात्र ते काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्या चुआनकडे वळल्या. "बापाला मेल्यावरही सुखाने राहू देणार नाहीस का रे?"

"मी नाही आणलं, आई."

"मग या घरात दुसऱ्या कुणाला असले भिकेचे डोहाळे लागतात?"

 चुआन वाकून आधीच स्वच्छ झालेल्या जमिनीवरचं गवत वेचू लागला. किती सवय झाली होती त्याला! बून लिओंगला ते बघवेना.

"आई, ते माझं आहे," तो म्हणाला. "आणि कागदाचं नाही, खरं आहे. मी खेळतो. रोज खेळतो."

"तू?" काका म्हणाले. "आयकरवाला?"

"हो."

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "आणि मासे?"

"बाजारातले."

हा घाव जास्त खोल गेला. "मी अख्ख्या गल्लीला सांगितलंय," असं म्हणून त्या थडग्याच्या कठड्यावर टेकल्या.

"देऊन टाक त्याचं त्याला," काका घाम पुसत म्हणाले. "ऊन चढलंय."

"असं कसं देऊ? मी 'घ्या' म्हणून बसलेय. दिलेली वस्तू यांना विचारल्याशिवाय परत घेता येत नाही." त्यांनी नाणी उचलली. "अहो, जावयाचं यंत्र परत देता का?"

दोन्ही छापे.

"चुकून आलंय हो."

दोन्ही काटे.

"बरं, मग जाळू?"

बून लिओंगने डोळे मिटले. पुन्हा नकार. परत द्यायचं नाही, जाळायचंही नाही.

"बाबांना खेळायचं असेल," चुआन हळूच म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण नाणी हातातच होती. आणखी थोडा भात वाढू का, असं नवऱ्याला विचारायच्या त्याच सुरात त्यांनी दगडाला विचारलं, "खेळायचंय तुम्हाला?"

एक छापा, एक काटा.

"जन्मात कधी पत्त्यालासुद्धा हात लावला नाही यांनी," त्या पुटपुटल्या.

"तुझ्या धाकाने," काका म्हणाले, आणि लगेच कोंबडी आवरायला लागले.

यंत्र सासूबाईंच्या घरी गेलं. मेलेल्या माणसाला बटणं दाबता येत नाहीत, तेव्हा दर रविवारी जावयाने येऊन त्यांच्या वतीने खेळावं असं ठरलं. सासऱ्यांचा फोटो टीव्हीकडे तोंड करून ठेवला गेला. पहिल्या रविवारी बून लिओंग दिवसाउजेडी, आवाज मोठा करून, सगळ्यांसमोर खेळायला बसला. आयुष्यात इतकं मोकळं त्याला कधी वाटलं नव्हतं. चुआन दाराशी उभा होता. सासूबाई टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसल्या, मग अर्ध्या वळल्या, मग पार तोंड वळवून पडद्याकडे बघू लागल्या.

"यांच्यातले हे कोणते?" त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवत विचारलं.

"तो निळ्या चिलखतातला," बून लिओंग म्हणाला, आणि तेवढ्यात राक्षसाने निळ्या चिलखताचा चेंदामेंदा केला. त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग आणखी एकदा.

सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

"एकदा गेले तेवढं पुरे नाही का?" त्या म्हणाल्या. "सारखं काय मारतोस त्यांना? ऊठ तिथून. चुआन, तू बस रे बाबा."

चुआन येऊन बसला. बून लिओंगने मुकाट्याने ताट पुढ्यात ओढलं आणि भाजी निवडायला घेतली.