नाना म्हणतात, चंद्रावर कोणी गेलंच नाही

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत राहायचं तर एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं. चंद्रावर माणूस गेला का? "नाही" म्हणालात तर नाना तुम्हाला हसून जाऊ देतात. "हो" म्हणालात की संपलं. हातातल्या पिशवीतलं दूध नासेपर्यंत सुटका नाही. आमच्या गल्लीतला भाजीवाला तर नाना दिसले की दुरूनच ओरडतो, "नाही गेला, नाना, नाही गेला! वांगी देऊ का?"

माझी पंचाईत वेगळीच. मी शाळेत विज्ञान शिकवते. "नाही" म्हणायची सोय नाही आणि "हो" म्हणायची हिंमत नाही. खोटं कशाला सांगू, मी नानांना चक्क भिते. त्यांचा ओटा जवळ आला की स्कूटीचा वेग वाढवते, हेल्मेटची काच खाली करते, देवाचं नाव घेते. पण नानांनी उभा जन्म मुक्ताईनगरहून दिल्लीला केळीचा ट्रक नेलेला. गाडी आवाजावरून ओळखतात आणि हात आडवा घालतात.

"ताई, थांबा. झेंडा हलला कसा? तिथे हवा शे का?"

"नाना, मला उशीर होतोय. तो आडव्या काठीवर लावला होता."

"बरं. तारे का दिसत नाहीत फोटोत?"

"नाना, हजेरी लागायची आहे माझी!"

"लागू द्या. हे सांगा, क्लीनर नसताना गाडी मागे कोणी घेतली?"

झेंड्याचं नि ताऱ्यांचं नानांनी मोबाईलवर पाहिलेलं, पण क्लीनरचा मुद्दा त्यांचा स्वतःचा. रस्ता नाही, ढाबा नाही, मेकॅनिक नाही, टायर बसलं तर विचारायला माणूस नाही, अशा ठिकाणी शहाणा ड्रायव्हर गाडी घालतच नाही. शेवटी तळहात झटकायचा आणि पारोळ्याकडच्या आपल्या अहिराणीत निकाल द्यायचा, "कोनी गयं नही. बठ्ठं खोटं शे." म्हणजे कोणी गेलं नाही, सगळं खोटं आहे.

गंमत म्हणजे आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा याच नानांनी गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, आता सापडले! पेढा तोंडात असतानाच विचारलं, "मग नाना, हे कसं पटलं तुम्हाला?"

"यंत्र गेलं ना, ताई. यंत्राला भाकरी लागत नाही. त्याची आई दारात बसत नाही. यंत्र जाऊ द्या कुठंबी."

नानांचा एकुलता एक मुलगा हेमंत मालवाहू जहाजावर आहे. या पावसाळ्यात त्याचं जहाज अशा समुद्रात गेलं, जिथे जहाजांवर हल्ले होतात म्हणून टीव्हीवर रोज दाखवत होते. "दोन दिवस रेंज नसेल," असं सांगून त्याने फोन ठेवला. दोन दिवस गेले, आठवडा गेला, त्याच्यापुढेही दिवस जात राहिले. कंपनीत फोन केला की तिकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, संपर्क होत नाही, झाला की कळवू.

गल्लीचा आवाजच बसला. नानांच्या घरात फोन वाजला की मी कुकरखालचा गॅस बंद करून कान लावायची. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांची अक्का, फोन पदरात घेऊन फिरायची. आंघोळीला जाताना माझ्याकडे द्यायची. तेवढ्या वेळात तो वाजू नये म्हणून मी मनात विनवत बसायची. वाजला असता तर मी उचलला असता का, देव जाणे.

आणि नाना? नाना चंद्रावर! सकाळी पेपरवाल्याला धर, दुपारी शिंप्याला धर, आवाज पूर्वीपेक्षा चढलेला. मला असा संताप आला म्हणून सांगू! पोटचं पोर समुद्रात हरवलंय आणि ह्या माणसाला झेंड्याची पडलीय!

अशात श्रावणातला कानबाईचा सण आला. आमच्या खानदेशात कानबाईला भाऊबंद एकत्र जमतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि त्या पिठाचे नैवेद्याचे रोट करतात. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ निघते. देवाघरी गेलेल्याची तेवढी निघत नाही.

रोटाचा घास बाहेरच्याला चालत नाही, म्हणून मी ओट्यावरच नानांपाशी बसले होते. दार उघडं होतं. अक्का पोत्यातून गहू काढून परातीत टाकत होती आणि पारोळ्याहून आलेली तिची जाऊ एकेक नाव घेत होती. नानांचं झालं, अक्काचं झालं, दिराचं, त्याच्या पोरांचं झालं. मग अक्काचा हात पोत्यातच थांबला.

जाऊबाईने अगदी हळू विचारलं, "हेमंतनी मूठ लेवानी का?"

बिचारीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण विचारलं गेलं. अक्काने मान वर केली आणि दारातून नानांकडे बघितलं. नाना मात्र माझ्याकडे वळले.

"ताई, ते चंद्रावर उतरले म्हणतात ते दोघंच होते ना?"

इथेही चंद्र! माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. "उतरले दोघं. तिसरा वर यानात थांबला होता. चंद्राला फेऱ्या मारत होता."

"एकटा?"

"एकटाच."

"आणि चंद्राच्या मागे गेला म्हणजे? बोलणं व्हायचं?"

"नाही, नाना. मागे असेपर्यंत बोलणं बंद. त्याचा आवाज इकडे नाही, इकडचा तिकडे नाही."

नानांनी ओठ ओले केले. "मग इकडच्यांना कसं कळायचं, तो शे का नाही?"

"कळायचं नाही. वाट बघायचे."

"आणि मग?"

"मग तो दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा. बोलायला लागायचा. दर फेरीला." मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "तिघंही घरी परत आले, नाना."

नाना खांबाला धरून उठले.

"गयथात, ताई, गेले होते," ते म्हणाले. "खरंच गयथात."

ते आत गेले, अक्काशेजारी मांडी घालून बसले. तिचा हात पोत्यातून अलगद बाहेर काढला.

"तुना हात लहान शे," ते म्हणाले. "हेमंतनी मूठ मी लेस." आणि त्यांनी कोपरापर्यंत हात गव्हात घातला.