ऐकण्याचा पैरा

बोरगावच्या आदगोंडा पाटलांनी जन्मात कुणाचा पैरा अंगावर ठेवला नाही. त्यांचे चिरंजीव नेमगोंडा यांनीही ठेवला नाही. नेमगोंडांचे चिरंजीव बाबगोंडा यांनी तर शेवटच्या आजारात, घशाखाली पाणी उतरत नसताना, शेजाऱ्याची राहिलेली एक कुळवणी आठवून बैल पाठवले आणि मगच डोळे मिटले. अशा घराण्यात पैरा अंगावर राहिला तो बाबगोंडांचा मुलगा अण्णाप्पा याच्या. आणि तोही अशा माणसाचा, की ज्याच्याकडे तो फेडून घ्यायला वीतभर रान नव्हते.

पैरा म्हणजे श्रमांची उसनवार. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, तर उद्या मी तुमच्या रानात राबायचे. ज्याचे काम असेल त्याने आलेल्यांना भाकरी घालायची आणि दिवस मावळेपर्यंत कुणी आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, सोडायची नाही. नियम एवढेच, पण ते न पाळणाऱ्याच्या घरी सोयरीक करताना माणसे दोनदा विचार करीत.

झाले होते असे. तंबाखूचे शेंडे खुडायच्या ऐन दिवसांत अण्णाप्पाचे सगळे घर तापाने अंथरुणाला खिळले. गावातही घरोघर तीच गत. तेव्हा गावाबाहेरच्या मिशनच्या खोलीत राहणारा शांतवन उपदेशक, त्याची बायको मालुबाई आणि म्हातारी आई राजाबाई ही तिघे न बोलावता रानात उतरली आणि खुडणी उरकून मोकळी झाली. पाटलांच्या घरात चूल पेटवायलाही कुणी उभे नव्हते. राजाबाई भाकरीवाचून राबली आणि दिवेलागणीला उपाशीच घरी गेली. अण्णाप्पाची आई धोंडूबाई दाराशी घोंगडीत कुडकुडत पडली होती, तिने ते पाहिले. सारा गाव जिला आक्का म्हणे आणि जिच्यापुढे अण्णाप्पा चाळिशीतही चप्पल काढून उभा राही, त्या बाईने पाहिलेली गोष्ट विसरली जात नसे.

दुसरे महायुद्ध पेटण्याच्या आदल्या हिवाळ्यात बेळगावच्या पाद्रीसाहेबांनी शांतवनाकडे एक लाकडी पेटी पाठवली. तो रेडिओ होता. रविवारी सांजेच्या वेळी समुद्रापलीकडून कुणी एक धर्मोपदेशक इंग्रजीत प्रवचन करी, ते या पेटीतून येई. शांतवनाने एकेक वाक्य मराठीत करून गावाला ऐकवावे, अशी योजना होती. पेटीची तार मिशनच्या खोलीशेजारच्या अण्णाप्पाच्या लिंबाला बांधली गेली. पेटी बोलू लागली. पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चर्र आवाज आधी येई, मग दोन शब्द, मग पुन्हा तवा. पहिल्या रविवारी ऐकायला मालुबाई, राजाबाई आणि दाव्याला बांधलेली शेळी एवढेच श्रोते होते. पुढच्या रविवारी शेळीने दावे तोडले.

तोच निरोप आला, की संक्रांतीनंतर साहेब स्वतः येऊन पेटीचे कसे चालले आहे ते पाहतील आणि शांतवनाला पुढे कुठे ठेवायचे ते ठरवतील. निरोपात याहून जास्त काही नव्हते. उरलेले शांतवनाने मनाने भरले. ऐकायला माणूस नाही असे दिसले, की साहेब पेटी उचलणार आणि पेटीबरोबर आपल्यालाही पार अथणीकडे कानडी मुलखात धाडणार. त्या खुडणीनंतर राजाबाईचे दोन्ही गुडघे गेले होते. तिचा नवरा बोरगावच्याच मातीत होता आणि तिलाही तिथेच जायचे होते. शांतवन अण्णाप्पाकडे आला आणि ओट्याखालीच उभा राहिला.

"अण्णा, पैरा मागाय आलोय."

अण्णाप्पाचा जीव हलका झाला. "माग की. रान घेटलास व्हय?"

"रान न्हाय. माणसं पायजेत. सायेब यायच्या आदी दोन-चार ऐतवार."

"काम काय?"

"ऐकायचं."

"निस्तं?"

"निस्तं."

अण्णाप्पाने आयुष्यात इतके सोपे काम पाहिले नव्हते, म्हणून तो घाबरला. तरी त्याने शब्द दिला. आत येऊन आईला सांगितले, तेव्हा धोंडूबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. माझा जैनांचा णमोकार मंत्र मला पुरतो, ती म्हणाली, तू तुझे फेड, माझे मी बघेन.

आता, मोठ्या शेतकऱ्याला पैरा फेडायचा तर तो एकटा जात नाही. ज्यांच्यावर आपला पैरा आहे, त्यांना तो सोबत नेतो. अण्णाप्पाने तसेच केले. मष्णू आला, त्याचे भाऊ आले, भावकू आपली सून घेऊन आला. सवयीप्रमाणे निम्म्यांनी विळे आणले होते. मोकळ्यावर घोंगड्या पसरल्या होत्या, त्यावर ती माणसे रानात धरतात तशी पात धरून बसली. आणि एकाने पुढे सरकून बसताच मागच्याने त्याला पात मोडू नको म्हणून दटावले. पेटी चर्र करू लागली. दोनच वाक्ये झाली असतील, तोवर मष्णूने शांतवनाला विचारले, की हे सगळे आजच उरकायचे आहे का, की थोडे उद्याला ठेवायचे.

पैऱ्याला आलेल्यांना खाऊ घालणे आले. मिशनच्या घरची भाकरी गाव खाणार नाही, हे मालुबाईला कुणी सांगावे लागले नाही. तिने चिरमुरे आणि फुटाणे मांडले. कोरड्याला विटाळ नसतो, असे गावाने त्याच दिवशी ठरवले. जैन मंडळींना दिवस मावळायच्या आत खायचे असे, म्हणून ती लवकर येत. बाकीची प्रवचन संपल्यावर खात. म्हणजे मालुबाईला दोन पंगती. शांतवनाच्या तुटपुंज्या पगारात चिरमुरे बसेनात, तेव्हा अण्णाप्पाने आपल्या घरचे पोते पाठवले. पेटीचा बॅटरीचा डबा दर आठवड्याला निपाणीच्या गिरणीवर नेऊन भरून आणावा लागे. ती गाडीही अण्णाप्पाचीच. बैल दमले, गाडीवान दमला, आणि रविवार आला की अण्णाप्पाला अंगात कणकण वाटू लागली.

पण खरे संकट रानात उभे होते. तंबाखू पिकली, पानांवर ठिपके धरले. आता कापणी लांबली तर पान हाताला यायच्या आत चुरा होणार. अण्णाप्पा मष्णूला कापणीला बोलवायला गेला. मष्णू अंगणात बसून दोर वळत होता.

"कापणी कसली, अण्णा? आमचा पैरा फिटला न्हवं?"

"कवा फिटला?"

"कवा म्हंजे? त्या पेटीफुडं सूनबाळासकट बसतोय. पाय मुडपून बसतोय, अण्णा. रानात निदान कंबर सरळ करता येती."

भावकूचे उत्तर तेच होते. गाव फिरून अण्णाप्पाच्या ध्यानात आले, की तीन पिढ्यांनी लोकांच्या रानात घाम गाळून जमवलेला सगळा पैरा आपण चिरमुऱ्यांबरोबर वाटून टाकला आहे. आणि ही बातमी पसरताच, पाटलांचा पैरा अंगावर असलेली उरलीसुरली माणसेही शेजारच्या वाड्यांवरून येऊन घोंगडीवर बसू लागली. बसून कर्ज फिटते म्हटल्यावर कोण उभा राहील?

साहेब आले त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीने मात्र त्या दिवशी एक शब्द उच्चारला नाही. नुसता तवा. शांतवन पेटीची कळ फिरवत राहिला. त्याला खोटे भाषांतर करवेना आणि गप्पही बसवेना. माणसे मात्र पात न मोडता, मान न हलवता, दिवस मावळेपर्यंत तो चर्र आवाज ऐकत राहिली. पैरा तो पैरा. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते मराठी बोलत, पण पुस्तकातून उतरल्यासारखी.

"बंधू शांतवन," ते म्हणाले, "येथील भूमी उत्तम नांगरली गेली आहे. पेटी आता जेथे कोणी ऐकत नाही तेथे गेली पाहिजे, आणि तुम्हीही. पुढील रविवारी मी गाडी घेऊन येईन."

शांतवनाला भाषांतराची गरज पडली नाही. आत राजाबाईने ते ऐकले आणि भिंतीकडे तोंड केले.

अण्णाप्पाने घरी येऊन आईला सगळे सांगितले: तंबाखू जाणार, शांतवनही जाणार, आणि दोन्ही आपण मदत केली म्हणून. धोंडूबाईने सूप बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने मष्णूला आणि भावकूला ओट्यावर बोलावले, बसायला मात्र सांगितले नाही.

"तुमी ऐकलासा ते शांतवनाचं काम. त्यानं अण्णाप्पावरचा शांतवनाचा पैरा हालका झाला. तुमच्यावरचा आमचा तसाच हाय. ऐतवारी, सायेब येतोय त्याच दिशी, समद्यांनी तंबाखूला यायचं."

मष्णूने डोके खाजवले. वाद घालावा असे त्याला वाटले असेल. पण बसून बसून माणसे इतकी शिणली होती, की कापणी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर सणाची कळा आली. भावकूने तर विचारले, की शनिवारपासूनच आलो तर चालेल का.

रविवारी सारा गाव पाटलांच्या रानात होता. उन्हे उतरता साहेबांची गाडी मिशनच्या दाराशी थांबली. घोंगड्या पसरलेल्या होत्या, पेटी चर्र करीत होती, आणि त्या सगळ्या मोकळ्या घोंगड्यांवर एकटी धोंडूबाई, डोक्यावरचा पदर नीट करून, ताठ बसली होती.

साहेब गाडीतून उतरून घोंगड्यांपाशी आले. "बंधुजन कोठे आहेत?"

"तंबाखूला गेल्यात, सायेब," शांतवन म्हणाला.

"आणि मागील रविवारी ते येथे होते."

शांतवन फार दमला होता. दमलेल्या माणसाला खोटे सुचत नाही. "तवा बी तंबाखूसाठीच आलते, सायेब," तो म्हणाला. आणि त्याने पैरा, चिरमुरे, अथणीची भीती, सगळे उलगडून सांगितले.

साहेब हळूच बाजेवर टेकले. त्यांनी येताना वाटेत एक मोठे निवेदन मनात रचले होते, ते आता कुठे ठेवावे असा त्यांचा चेहरा झाला. मग ते धोंडूबाईकडे वळले. "मातोश्री, आपण तरी ऐकण्यास आलात."

"मी ऐकाय न्हाय, फेडाय बसलोय," धोंडूबाई म्हणाली. "हितं राजाबाईचा एक दिवस माझ्याकडं हाय. तुमचं चालू द्या."

साहेबांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितले. पेटी इथेच राहील, ते शांतवनाला म्हणाले, आणि तुम्हीही. ज्या गावात एकही माणूस ऐकायला येत नाही, ते गाव सोडून मी तुम्हाला अथणीला कसे पाठवू? राजाबाई दाराशी सरकत सरकत आली आणि उंबऱ्याला टेकून बसली.

एवढ्यात पेटीचा तवा निवला आणि दूरदेशीचा आवाज लख्ख ऐकू आला. धोंडूबाईने विचारले, काय म्हणतो तो.

शांतवनाने कान दिला. "म्हणतोय, शेजाऱ्याचं कायबी आपल्या अंगावर ठेवू नये."

"एवढं सांगाय समुद्रापलीकडनं वरडाय लागतंय व्हय?" धोंडूबाई म्हणाली, आणि पुढचे ऐकण्यासाठी सरसावून बसली.

उन्हे लिंबाच्या शेंड्यावर गेली. मालुबाईने चिरमुऱ्यांची परात पुढे केली, म्हणाली, आक्का, दिवस हाय तोवर दोन दाणे तोंडात टाका. धोंडूबाईने परात बोटाने मागे सारली. रानाकडून पद्मावती, अण्णाप्पाची बायको, सासूला जेवायला न्यायला लगबगीने आली, तीही हाताच्या खुणेनेच परत गेली. शेंड्यावरचे ऊन गेले. आता सकाळपर्यंत धोंडूबाईच्या तोंडात पाणीसुद्धा जाणार नव्हते, हे राजाबाईला चांगले ठाऊक होते.

"आक्का," ती उंबऱ्यावरून म्हणाली, "दिवस मावळला की. उपाशी ऱ्हायलासा."

धोंडूबाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. घोंगडी झटकली, घडी घातली आणि राजाबाईच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"तू बी तशीच गेलतीस न्हवं," ती म्हणाली, आणि पदर सावरून घराची वाट चालू लागली.